जुना ५० इंची प्लाझ्मा टीव्ही आठ हजारांना मिळतोय. घ्यावा का?

पर्वतीपायथा
नमस्कार मंडळी,
आमच्या सोसायटीतले (सहकारनगर) एक काका घर आवरून लेकीकडे बंगळूरला कायमचे चाललेत. त्यांच्याकडे ५० इंची फुल एचडी प्लाझ्मा टीव्ही आहे, २०१२ साली घेतलेला. आठ हजार म्हणतायत. स्टँड, रिमोट, पुस्तिका सगळं जागच्या जागी. मूळ खोकंसुद्धा माळ्यावर जपून ठेवलंय. त्यांच्याकडे मॅच बघितली तेव्हा चित्र मला फारच आवडलं. घरी येऊन आमचा ४० इंची एलईडी लावला तर काळ्याच्या जागी राखाडी दिसायला लागलं.

घरात दोन तट पडलेत. नवरा म्हणतो, भंगार उचलून आणू नकोस, तीस-पस्तीस हजारांत नवा कोरा फोर-के येतो, शिवाय जीएसटी उतरलाय. सासरे म्हणतात, जपानी माल आहे, डोळे झाकून घे.

वीज किती खातो? बिघडला तर पुण्यात दुरुस्त करणारं कोणी उरलंय का? फायर स्टिक चालेल का? आणि मुख्य म्हणजे आठ हजार ही किंमत रास्त आहे, की काका त्यात जिव्हाळ्याचे चार हजार धरतायत?

कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर धागा तिकडेच वाहत जाईल.

शेंगदाणा
घेऊन टाका. सदाशिव पेठेत नुसत्या जपलेल्या खोक्याचे दोन हजार येतील.

कर्वेरोडी
नवऱ्याचं ऐका (हे वाक्य या संस्थळावर पहिल्यांदाच लिहिलं जात असावं). २०१३ अखेर पॅनासॉनिकने प्लाझ्मा बनवणं थांबवलं, पुढच्या वर्षी सॅमसंग आणि एलजीनेही गाशा गुंडाळला. म्हणजे जगात आज कुठेच नवीन प्लाझ्मा पॅनेल तयार होत नाही. ज्याचा सुटा भाग नव्याने मिळणार नाही अशा वस्तूला आठ हजार? चार चांगले पंखे येतील तेवढ्यात.

३२ इंचांपेक्षा मोठ्या टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. नवा घ्यायला हीच वेळ आहे.

अनुजा_स
पर्वतीपायथा, सासऱ्यांना माझा नमस्कार सांगा. आमच्याकडे ४२ इंची प्लाझ्मा आहे. २०११ च्या वर्ल्ड कपआधी घेतला, चाळिसेक हजारांना. अजून ठणठणीत. एलईडीवर चेंडू सीमारेषेकडे जाताना मागे शेपूट काढतो, तसं इथे होत नाही. कॅमेरा पॅन झाला तरी गवत गवतच दिसतं, हिरवा चिखल होत नाही.

मुळशीकर
@कर्वेरोडी, पंखे कुठून आले मध्येच?

बाकी किमतीचं म्हणाल तर आमच्या काकांनी (माझ्या सख्ख्या, सोसायटीतल्या नव्हे) २००६ च्या सुमारास ४२ इंची घेतला तेव्हा लाखाला थोडेच कमी पडले होते. लक्ष्मी रोडवरून टेम्पोत टाकून आणला, उतरवायला चौघं लागले, आणि पेढे वाटले. अख्खी आळी बघायला आली. त्यात लावलं काय, तर केबलवरची बातमीपत्रं. चित्र इतकं फुटायचं की आजी म्हणाली, जुनाच बरा होता.

सोल्डरगन
टीव्ही दुरुस्ती हाच माझा धंदा, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

आधी हा टीव्ही चालतो कसा ते. दोन काचांच्या मध्ये लाखो बारीक कप्पे असतात, त्यांत निऑन आणि झेनॉन वायू. कप्प्याला व्होल्टेज दिलं की वायूतून अतिनील किरण निघतात, ते मागच्या फॉस्फरवर पडतात आणि तो लाल, हिरवा किंवा निळा उजळतो. ट्यूबलाइटचं तत्त्वच, फक्त ट्यूबमध्ये पारा असतो, इथे नसतो. प्रत्येक कप्पा स्वतः उजेड देतो, मागे वेगळा दिवा नाही. म्हणून जिथे काळं तिथे कप्पा जवळजवळ विझलेला, आणि बाजूने बघितलं तरी रंग फिके पडत नाहीत. एलईडी म्हणून जे विकतात तो एलसीडीच आहे, मागे पांढरे दिवे आणि पुढे झडपा. झडप पूर्ण बंद होत नाही, म्हणून तुम्हाला राखाडी दिसलं.

आता तो बिघडतो कुठे. पॅनेल सहसा जात नाही. जातात ते बोर्ड. पॉवर सप्लायमधले कपॅसिटर फुगतात, मग चालू करताना रिले टकटक करत राहतो आणि पडदा येत नाही. ते काम स्वस्त. दुसरं म्हणजे सस्टेन बोर्ड आणि त्याला जोडलेले बफर. पॅनेलला दोनशे व्होल्टच्या आसपासचे ठोके हेच देतात. हे गेले की अर्धा पडदा काळा किंवा आडव्या पट्ट्या. नवा बोर्ड मिळत नाही, डोनर सेट शोधावा लागतो, म्हणजे काच फुटलेला पण बोर्ड शाबूत असलेला त्याच मॉडेलचा सेट. बुधवार पेठेत पासोड्या विठोबाच्या आसपास विचारत फिरलात तर कोणाच्या तरी गोडाऊनमध्ये निघतो. निघाला तर. भाव ठरलेला नाही, तुमचा चेहरा बघून ठरतो.

आणि हात जोडून विनंती, मागचं झाकण घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये जीवावर बेतेल एवढा चार्ज राहतो.

शेंगदाणा
गॅस संपला की भरून मिळतो का? एसीवाला येतोच आहे पुढच्या आठवड्यात.

सोल्डरगन
हा प्रश्न दर महिन्याला येतो, त्यामुळे हसूही येत नाही आता. पॅनेल कारखान्यातच सीलबंद होतं. गॅस भरता येत नाही आणि भरायची वेळही येत नाही. काच तडकली तर विषय संपला. “गॅस रिफिलिंग करून देतो” म्हणून कोणी पैसे मागितले तर चहा पाजून परत पाठवा.

निमा
चहासुद्धा कशाला.

आजोबा७१
माझा अनुभव कोणी लिहिला नाही म्हणून लिहितो. मी रोज सकाळी रेडिओ ऐकतो, आकाशवाणी पुणे, मध्यम लहरी ७९२. शेजारच्या खोलीत चिरंजीवांनी प्लाझ्मा लावला की रेडिओवर घर्रर्र सुरू. आधी वाटलं रेडिओच गेला. मग ध्यानात आलं की टीव्ही बंद केला की आवाज बंद. चिरंजीव मानेनात. शेवटी टीव्ही चालू-बंद करून दाखवला तेव्हा पटलं. आता सकाळी नऊपर्यंत टीव्ही लावायचा नाही, असा घरात करार आहे.

वाचनमात्र
आजोबा, करार भारी आहे! आणि तुमचं निरीक्षण बरोबर आहे. प्लाझ्मातल्या त्या वेगवान ठोक्यांमुळे रेडिओलहरींचा गोंगाट होतो, हॅम रेडिओवाल्यांची ही जुनीच तक्रार. अवरक्त किरणही सांडतात, त्यामुळे काही घरांत सेट-टॉप बॉक्सचा रिमोट नीट चालत नाही. बॉक्स टीव्हीच्या पुढ्यातून हलवून बाजूला ठेवला की चालतो.

अवांतर: प्लाझ्माचा शोध टीव्हीसाठी लागलाच नव्हता. १९६४ साली इलिनॉय विद्यापीठात डोनाल्ड बिट्झर, जीन स्लॉटो आणि रॉबर्ट विल्सन यांनी तो लावला, प्लेटो नावाच्या संगणकावरून शिकवायच्या यंत्रणेसाठी. नुसता नारिंगी पडदा होता. ४२ इंची रंगीत टीव्ही दुकानात यायला १९९७ उजाडलं, आणि तेव्हा अमेरिकेत त्याची किंमत होती पंधरा हजार डॉलरच्या घरात.

मुळशीकर
पंधरा हजार डॉलर. १९९७. तेवढ्यात तेव्हा कोथरूडला फ्लॅट बुक झाला असता.

निमा
आणि आज तो फ्लॅट विकून टीव्हीचा कारखाना.

कर्वेरोडी
धागा भरकटतोय. विजेबद्दल कोणी बोलेल का? ५० इंची प्लाझ्माच्या मागच्या पट्टीवर चारशे-चारशे वॉट लिहिलेले मी बघितलेत. रोज सहा तास लावला तर महिन्याला सत्तर युनिट! महावितरणच्या बिलात वरच्या स्लॅबमध्ये गेलात की अख्खं बिल वरच्या दराने येतं. आठ हजारांचा टीव्ही दोन वर्षांत तीस हजारांना पडेल.

टापटीप
@कर्वेरोडी, दोन ठिकाणी असहमत.

पट्टीवरचा आकडा कमाल असतो. प्लाझ्मा चित्राप्रमाणे वीज घेतो: रात्रीचं दृश्य असेल तर कमी, बर्फाचा डोंगर असेल तर जास्त. आमच्या ५० इंचीला मी प्लगमध्ये लावायचा मीटर जोडून ठेवला होता. मालिका, बातम्या, मॅच सगळं धरून सरासरी दोनशे वॉटच्या आसपास निघाली. तुमच्या सहा तासांनी ३६ युनिट. तेवढ्याच आकाराच्या एलईडीला शंभर वॉट धरा, १८ युनिट. फरक महिन्याला १८ युनिट. युनिटला सगळे आकार धरून दहा रुपये मानले तर १८० रुपये, वर्षाला दोन हजारांच्या वर थोडे.

आणि स्लॅबचं तसं नाही. १०० च्या वर गेलात तर वरच्या युनिटांनाच वरचा दर लागतो, पहिल्या शंभरांना पहिलाच. बिल हातात घेऊन बघा, टप्पे वेगवेगळे छापलेले असतात.

म्हणजे वीज वाचवायची म्हणून तीस हजारांचा नवा टीव्ही घेणं हे गणित दहा वर्षं तरी बसत नाही. नवा घ्यायची इतर कारणं आहेत, ती वेगळी.

कर्वेरोडी
स्लॅबचं मान्य. पण तुमचा सेट कधीचा? २००७-०८ चे जुने सेट जास्त खातात.

टापटीप
२०११ चा. जुन्यांबद्दल तुमचं बरोबर आहे. इथे मात्र २०१२ च्या सेटबद्दल बोलणं चाललंय.

भोर_घाट
एप्रिल-मे मध्ये हॉलमध्ये तो लावून बघा, मग युनिटचं गणित बाजूला राहतं. समोर बसलं की गालाला ऊब लागते. आमची मनी हिवाळ्यात टीव्हीच्या वरच्या कडेवर चढायला बघायची.

अनुजा_स
आमच्या बोक्यालाही तो टीव्ही फार प्रिय!

जाता जाता, नवीन घेऊ पाहणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. दुकानात प्लाझ्मा कायम हरायचा. शोरूममध्ये डोक्यावर भगभगीत दिवे, आणि शेजारी एलसीडी पूर्ण ब्राइटनेसला. प्लाझ्मात पूर्ण पडदा पांढरा झाला की वीज मर्यादेत ठेवायला तो आपोआप मंद होतो, पुढची काच चकाकते, आणि गिऱ्हाइकाला वाटतं हा मळका दिसतोय. तोच टीव्ही घरी संध्याकाळी दिवे मंद करून बघा. आमच्याकडे बघायला आलेल्या प्रत्येकाने “कितीला घेतला” हे विचारलंय. विचारल्यावर तो आता मिळत नाही असं सांगायला मला फार आवडतं.

वाचनमात्र
मरणाचं खरं कारण तेच: शोरूम आणि किंमत. दुसरं म्हणजे फोर-के. त्याच आकाराच्या पडद्यावर चौपट कप्पे करायचे तर प्रत्येक कप्पा बारीक होतो आणि तेवढाच उजेड काढायला वीज जास्त लागते. पॅनासॉनिकने मोठ्या आकारात करून दाखवलं म्हणा, २००८ साली त्यांनी १५० इंची प्लाझ्मा प्रदर्शनात मांडला होता. सुमारे ११ फूट रुंद आणि ६ फूट उंच.

शेंगदाणा
आमच्या वाड्याच्या दिंडीदरवाजातून आडवा नाही, उभा नाही. भिंत पाडून आत घ्यायचा आणि मग त्यालाच भिंत म्हणायचं.

मुळशीकर
पायोनियरच्या कुरोचं नाव कसं नाही निघालं अजून? २००७ ते २००९ एवढंच आयुष्य, पण काळ्या रंगात त्याला वर्षानुवर्षं तोड नव्हती. पुण्यात प्रत्यक्ष बघितलाय कोणी?

सोल्डरगन
एकदा, कल्याणीनगरला. दुरुस्तीला बोलावलं होतं. सेट ठीक होता, स्टॅबिलायझर गेला होता. मी उगाच अर्धा तास जास्त बसलो, तपासतोय असं दाखवत.

निमा
मला एक सांगा, ते “६०० हर्ट्झ” काय प्रकरण? आमच्या जुन्या टीव्हीच्या कोपऱ्यात मोठ्ठं स्टिकर आहे. नव्या महागड्या टीव्हीवर १२० लिहितात. मग आमचा पाचपट भारी की काय?

टापटीप
ती तुलना होत नाही. प्लाझ्माचा कप्पा एकतर पेटतो नाहीतर विझतो, मधला मंद उजेड त्याला देता येत नाही. म्हणून एका चित्राचे दहा-बारा उपभाग करतात आणि कप्पा त्यातल्या किती भागांत पेटवायचा यावर उजेड कमी-जास्त दिसतो. सेकंदाला ६० चित्रं गुणिले १० उपभाग, झाले ६००. नव्या टीव्हीवर १२० म्हणजे खरोखर १२० वेगवेगळी चित्रं दाखवण्याची क्षमता. दोन्ही आकडे खरे, मोजलेली गोष्ट वेगळी. स्टिकर लावणाऱ्याला हे माहीत होतंच.

पर्वतीपायथा
बापरे, एका रात्रीत एवढे प्रतिसाद! सगळ्यांचे आभार. टापटीप, तुमचं विजेचं गणित नवऱ्याला वाचून दाखवलं. “बरं” म्हणाला. आमच्याकडे हे बरंच झालं.

काकांकडे पुन्हा जाऊन आले. नीट बघताना खालच्या बाजूला एक फिकट आडवी पट्टी दिसली, पांढऱ्या पडद्यावर जास्त जाणवते. काका दिवसभर बातम्या लावतात. हाच तो बर्न-इन का? जातो का?

सोल्डरगन
होय, तोच. बातम्यांची पट्टी आणि वाहिनीचा लोगो तासन्‌तास एका जागी राहिला की तेवढ्या भागातला फॉस्फर इतरांपेक्षा वेगळा झिजतो. दोन प्रकार असतात. एक तात्पुरती सावली, तासाभरात जाते. दुसरी कायमची. कोणती ते असं ओळखा: पेन ड्राइव्हवर नुसती लाल, हिरवी, निळी, पांढरी आणि राखाडी अशी पानं टाकून न्या, एकेक पूर्ण पडद्यावर लावा. एकाच रंगात पट्टी दिसली तर झीज कमी आहे. सगळ्यांत दिसली तर जास्त. मग मेनूत स्क्रोलिंग बार किंवा पडदा पुसायची सोय असते, ती रात्री दोन-तीन तास चालू ठेवायला सांगा. दुसऱ्या दिवशी फिकी झाली तर बरीचशी जाईल. तशीच राहिली तर ती तुमच्याबरोबर सहकारनगरात राहणार.

शिवाय चालू करून अर्धा तास बसा आणि आवाज बंद करून ऐका. हलकी गुणगुण चालते. करकर किंवा तडतड नको. टीव्ही गार असताना एकदा आणि तापल्यावर एकदा, दोन्ही वेळा बंद करून चालू करा.

आणि मागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर वाचा. हे सर्वांसाठीच सांगतो, कारण जुन्या बाजारात कुठलाही सपाट टीव्ही “प्लाझ्मा” म्हणून खपवतात. पॅनासॉनिकमध्ये टीएच-पी म्हणजे प्लाझ्मा आणि टीएच-एल म्हणजे एलसीडी, सॅमसंगमध्ये पीएस म्हणजे प्लाझ्मा.

कर्वेरोडी
बघा! बर्न-इन निघाला. आता तरी सोडा.

अनुजा_स
कर्वेरोडी, लाख-सव्वा लाखाचा ओएलईडी घेतला तरी तिथेही बर्न-इन होतोच की. स्वतः उजेड देणाऱ्या पडद्याला तो धोका आहेच.

कर्वेरोडी
ओएलईडीला निदान वॉरंटी असते, ताई.

भोर_घाट
वॉरंटीत बर्न-इन धरलाय का ते कार्डाच्या मागे बारीक अक्षरांत वाचा आणि मग बोला. (हलके घ्या.)

वाचनमात्र
ताईंच्या ४२ इंचीबद्दल थोडं. त्या काळातल्या ४२ इंची “एचडी रेडी” प्लाझ्मात आडवे १०२४ आणि उभे ७६८ ठिपके असायचे, म्हणजे ठिपका चौकोनी नसून आडवा लांबट. साध्या केबलला ते पुरायचं. पुण्यात ३१ मार्च २०१३ च्या मुदतीने सेट-टॉप बॉक्स सक्तीचा झाला, त्यानंतरच बऱ्याच घरांत प्लाझ्माचं खरं चित्र दिसलं. नव्या फोर-के पडद्यावर साधी वाहिनी लावली की चित्र ताणून ताणून मऊ पडतं. ज्यांच्या घरी अजून एसडी पॅक आहे त्यांना जुना प्लाझ्मा जास्त सुखाचा.

पर्वतीपायथा, तुमचा फुल एचडी आहे. फायर स्टिक एचडीएमआयला लावा, १०८० मध्ये व्यवस्थित चालेल. फोर-के आणि एचडीआर विसरा.

आजोबा७१
आठ फुटांवरून बघताना फोर-के आणि फुल एचडीतला फरक मला चष्मा लावूनही दिसत नाही. चिरंजीवांना दिसतो. तेही चष्मा लावतात.

टापटीप
आजोबा, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. ५० इंचीला कर्णाच्या दीडपट अंतर म्हणजे सव्वासहा फूट. त्याहून लांब बसलात तर वाढीव बारकावे डोळ्याला टिपता येत नाहीत. आपल्याकडच्या हॉलमध्ये सोफा भिंतीला, टीव्ही समोरच्या भिंतीला, मध्ये नऊ-दहा फूट. मग ६५ इंची घेण्यात अर्थ आहे, ५० इंची फोर-के घेण्यात विशेष नाही. ५० आणि ६५ मध्ये ऐकायला पंधरा इंचांचा फरक, पण पडद्याचं क्षेत्रफळ जवळजवळ १.७ पट होतं.

भोर_घाट
भिंतीचं कोणी बोललं नाही. तो सेट पंचवीस-तीस किलोचा असणार. सोसायटी नवी असेल आणि भिंत हलक्या ब्लॉकची असेल तर साधे रावळप्लग टाकून टांगू नका. एकाने टांगला होता, चार महिन्यांनी ब्रॅकेटसकट प्लास्टर खाली. टीव्ही वाचला, खालची टीपॉय गेली.

पर्वतीपायथा
इमारत जुनी आहे, विटांची भिंत. पण मी टांगणार नाही, स्टँडवरच ठेवीन.

निमा
मध्येच एक वेगळा प्रश्न. माझ्या दीराची लेहला बदली झालीये. त्यांच्याकडे प्लाझ्मा आहे, बरोबर नेणार म्हणतात. हवा विरळ म्हणून काही होतं का?

सोल्डरगन
नेऊ नका. बाहेरचा दाब कमी झाला की आतल्या वायूच्या आणि बाहेरच्या दाबातला फरक बदलतो, काचा पुरेशा दाबून बसत नाहीत आणि सेट गुणगुणायला लागतो. पुस्तिकेत उंचीची मर्यादा दिलेली असते. पुण्याला काही नाही, महाबळेश्वरलाही चालेल. लेह साडेतीन हजार मीटर.

शेंगदाणा
सिंहगडावर?

सोल्डरगन
सिंहगडावर टीव्ही नेणाऱ्याला मी फुकट दुरुस्ती देईन.

मुळशीकर
मूळ प्रश्नावर येतो: किंमत. माझा हिशेब असा. जुन्या प्लाझ्माला बाजारभाव असा नसतोच. भंगारवाला किलोवर घेणार, त्यात हातात फारसं काही येत नाही. ओएलएक्सवर लोक पंधरा-वीस हजार लिहितात आणि महिनोन्‌महिने तिथेच असतात. मग किंमत कशाची द्यायची? तो उद्या बिघडला तर बोर्डासाठी दोन-चार हजार आणि डोकेदुखी लागणार, ते आधीच वजा करा. बर्न-इनचे वजा करा. चित्र आवडलंय त्याचे जोडा. मला तरी चार-साडेचार हजारांच्या वर जाववत नाही. खोक्यासकट.

सोल्डरगन
मुळशीकरांशी सहमत. पट्टी फिकी झाली तर पाच. सगळ्या रंगांत ठळक असेल तर फुकट दिला तरी हॉलमध्ये नको, आतल्या खोलीत पिक्चर बघायला ठेवा.

कर्वेरोडी
आणि जो दिवसभर बातम्या लावणार त्याच्या ताब्यात रिमोट देऊ नका. सासरे बातम्या बघतात का?

पर्वतीपायथा
सकाळी सात ते रात्री दहा.

निमा
😂😂

पर्वतीपायथा
बरं, झालं ते सांगते. पेन ड्राइव्ह घेऊन गेले. लाल आणि निळ्यात पट्टी नव्हती, हिरव्यात होती, पांढऱ्यात किंचित. काकांनी दोन रात्री तो स्क्रोलिंग बार चालवला, आता हिरव्यातसुद्धा शोधावी लागते. तडतड नाही. गार आणि गरम, दोन्ही वेळा पहिल्या झटक्यात चालू झाला.

किमतीचं बोलायला मी नवऱ्याला पाठवलं. तो गेला विरोधक म्हणून आणि काकांशी गप्पा मारून आला. पाच हजारांत ठरलं, वर काकूंनी शेवयांच्या खिरीचा डबा दिला. आमचा ४० इंची सासऱ्यांच्या खोलीत गेला, बातम्यांसकट. प्लाझ्मा हॉलमध्ये, आणि त्यावर बातम्या अर्ध्या तासाच्या वर नाहीत. फायर स्टिक लागली. काल रात्री दिवे मालवून एक जुना कृष्णधवल सिनेमा बघितला, आणि आता नवरा सगळ्यांना सांगतोय की टीव्ही त्याने शोधला.

अनुजा_स
अभिनंदन! पहिले काही दिवस कॉन्ट्रास्ट कमी ठेवा, “सिनेमा” मोड लावा, आणि ती लोगो सरकवायची सोय असेल तर चालू करा.

टापटीप
मीटर हवा असेल तर सांगा, माझ्याकडे पडून आहे. बिबवेवाडीतून घेऊन जाऊ शकता.

कर्वेरोडी
अभिनंदन. बोर्ड गेला की धागा वर काढा, मी इथेच आहे.

भोर_घाट
काकांकडे भिंतीचा ब्रॅकेट असेल आणि तुम्हाला लागणार नसेल, तर मला हवा आहे. माझा ५० इंचीच आहे. भोक एम-८ चं आहे का तेवढं बघून सांगता का?

पर्वतीपायथा
आहे, बोल्टसकट डब्यात पडलाय. व्यक्तिगत निरोप केलाय. रविवारी सकाळी नऊच्या आत या, नंतर टेम्पोवाला काकांचं सामान भरणार आहे.